अडुळशाने फ्लूचा व्हायरस मेला म्हणे, पण मेला कुठे?

गणपती झाले की कोकणात ठरलेलं असतं, चाकरमानी एसटीत बसून मुंबईला परत जातात आणि मागे वाडीत घरटी दोन माणसं खोकत बसतात. चाकरमान्यांनी रागावू नये, पण एकेका घरात तीस-चाळीस माणसं, आरतीला सगळी खेटून उभी, बाहेर पाऊस म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या, यात फ्लू पसरला नाही तरच नवल. (आपल्याकडे फ्लू थंडीतच येतो असं नाही, पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातही त्याचा चांगलाच जोर असतो.) मग फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड फिरायला लागतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, अडुळशाने फ्लूचा व्हायरस १०० टक्के नष्ट, खाली हिरव्या पानांचा फोटो, आणि त्याखाली काकांचा अंगठा.

गंमत अशी की हा फॉरवर्ड बऱ्याचदा पूर्ण खोटा नसतो. कुठेतरी लॅबमध्ये खरंच टेस्ट झालेली असते, संशोधनाचा पेपर छापून आलेला असतो, आणि त्यात १०० टक्के हा आकडाही असतो. फक्त तो आकडा कशाचा होता हे फॉरवर्ड करणाऱ्याने वाचलेलं नसतं, आणि बातमी देणाऱ्यानेही पुष्कळदा नसतं. म्हणून म्हटलं एकदा नीट बसून सांगू या की झाडपाल्याचा अर्क फ्लूवर तपासतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि तिथून आपल्या घरातल्या काढ्यापर्यंत यायला मधे किती पायऱ्या आहेत.

आधी फ्लू म्हणजे काय ते

साधी सर्दी वेगळी आणि फ्लू वेगळा. फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा, त्याचा स्वतःचा व्हायरस आहे, माणसांत मुख्यतः ए आणि बी असे दोन प्रकार त्रास देतात. २००९ ला पुण्यात मास्कसाठी रांगा लागल्या होत्या तो एच१एन१, २०२३ च्या मार्चमध्ये बातम्यांत होता तो एच३एन२, दोन्ही ए प्रकारातलेच. यातले एच आणि एन म्हणजे व्हायरसच्या अंगावरची दोन प्रथिनं. एचचं काम आपल्या घशातल्या, श्वासनळीतल्या पेशीला चिकटायचं आणि आत शिरायचं. आत शिरला की पेशीला कामाला लावून तो आपल्याच कॉप्या काढून घेतो, आणि काही तासांत नवे व्हायरस बाहेर पडायला लागतात. बाहेर पडताना ते पेशीच्या पृष्ठभागालाच चिकटून राहतात, तिथून त्यांना मोकळं करायचं काम एनचं.

एवढं कळलं की औषध कुठे कुठे मारा करू शकतं ते कळतं. चिकटण्याआधी अडवा, आत कॉप्या निघू देऊ नका, किंवा बाहेर पडू देऊ नका. टॅमीफ्लू नावाने जी गोळी माहितीये, म्हणजे ओसेल्टामिविर, ती एनला अडवते, नवा व्हायरस पेशीला चिकटलेलाच राहतो. कुठलाही झाडपाल्याचा अर्क फ्लूवर चालतो म्हटलं की पहिला प्रश्न हाच, चालतो म्हणजे यातलं कुठलं काम करतो?

अर्क म्हणजे तुमच्या पातेल्यातला काढा नव्हे

आपण काढा करतो तो सरळ. परसात जाऊन अडुळशाची चार पानं, तुळस, गवती चहा, आल्याचा तुकडा, दोन मिरी, पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, गूळ घालायचा. कुडाळ-मालवणकडे आजी म्हणणार, "काढो पी, बरा वाटतला," आणि वाटतंही.

लॅबमध्ये हे असं चालत नाही. आधी पान कुठल्या झाडाचं ते तज्ज्ञाकडून पक्कं करून घ्यावं लागतं, त्याचा वाळवलेला नमुना जपून ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर दाखवता येतो. मग पानं सावलीत वाळवायची, पूड करायची, आणि ती पूड कशात तरी भिजत घालायची. हे कशात तरी फार महत्त्वाचं. पाण्यात घातली तर पाण्यात विरघळणारीच द्रव्यं उतरतात, मिथेनॉलसारख्या अल्कोहोलात घातली तर वेगळी, आणि पुष्कळदा जास्त. नंतर ते द्रावण कमी दाबाखाली गरम करून उडवून टाकतात आणि भांड्याच्या तळाशी उरतो काळपट हिरवा चिकट गोळा. हा तो अर्क. शंभर ग्रॅम पानांच्या पुडीतून समजा दहा-पंधरा ग्रॅम निघाला, टेस्ट होते ती याच्यावर.

म्हणजे मिथेनॉलमधल्या अर्काचा रिझल्ट वाचून पाण्यात उकळलेला काढा प्यायचा यात पहिलीच गफलत. मिथेनॉल स्वतः विषारी, विषारी दारूच्या बातम्यांत असतं तेच, ते पिण्याचा प्रश्नच नाही. आणि अर्क कशात काढला याने किती फरक पडतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण मलेरियाचं आहे. चीनच्या तू यूयू यांनी १९७१ मध्ये एका जुन्या चिनी वैद्यकग्रंथातला उल्लेख वाचून चिंगहाव नावाची वनस्पती उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरमध्ये काढून बघितली, आणि जो अर्क आधी धड चालत नव्हता तो एकदम चालला, कारण उष्णतेने आतलं द्रव्य खराब होत होतं. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, २०१५ ला त्यांना नोबेल मिळालं. जुना ग्रंथ उपयोगी पडला, पण नुसता वाचून नाही, तपासून.

आणखी एक भानगड आहे, झाड दर वेळी सारखं नसतं. पावसाळ्यात तोडलेलं पान आणि उन्हाळ्यात तोडलेलं पान, देवगडच्या कातळावरचं आणि दापोलीच्या बागेतलं, यांच्यातल्या द्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं. म्हणून नीट काम करणारे लोक अर्कात एखादं ओळखीचं द्रव्य किती आहे ते मोजून लिहितात. ज्या पेपरमध्ये ते लिहिलेलंच नसतं तो प्रयोग दुसऱ्याला परत करून बघता येत नाही, आणि असे पेपर भरपूर आहेत.

आता लॅबमध्ये चला

व्हायरस हवेत किंवा पाण्यात वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. फ्लूसाठी जगभर ज्या पेशी वापरतात त्यांचं नाव एमडीसीके, आणि त्या आहेत कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या. १९५८ साली मॅडिन आणि डार्बी या दोघांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या किडनीतून त्या घेतल्या आणि तेव्हापासून त्याच वाढवत वाढवत चालल्यात. फ्लूचा व्हायरस त्यांच्यात छान वाढतो म्हणून त्या वापरायच्या, बाकी माणसाच्या घशाशी त्यांचा काही संबंध नाही. दुसरा मार्ग कोंबडीच्या अंड्याचा, दहा-अकरा दिवस उबवलेल्या अंड्यात व्हायरस टोचून वाढवतात, फ्लूच्या पुष्कळशा लसी अजूनही अशाच बनतात.

पेशी प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये वाढवतात, हाताच्या पंजाएवढी प्लेट आणि तिच्यात ९६ बारीक खळगे. काही खळग्यांत नुसत्या पेशी, काहींत पेशी आणि व्हायरस, काहींत पेशी, व्हायरस आणि अर्क, तोही वेगवेगळ्या ताकदीचा, आधी जास्त मग निम्मा मग त्याच्या निम्मा असं करत. आणि एका ओळीत टॅमीफ्लूसारखं ठाऊक असलेलं औषध, तुलनेला. दोन-तीन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघायचं. निरोगी पेशी तळाला एकसंध पसरलेल्या दिसतात, व्हायरसने मारलेल्या गोल होऊन सुटून तरंगायला लागतात.

व्हायरस किती आहे हे बघायची एक जुनी, स्वस्त टेस्ट आहे, मला स्वतःला ती फार आवडते कारण नुसत्या डोळ्यांनी रिझल्ट दिसतो. फ्लूचं एच प्रथिन कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशींनाही चिकटतं. गोल तळाच्या खळग्यात तांबड्या पेशी टाकून अर्धा-पाऊण तास हलवायचं नाही. व्हायरस नसेल तर पेशी घरंगळत तळाशी जाऊन ठसठशीत लाल ठिपका होतो. व्हायरस असेल तर तो पेशींना एकमेकींत गुंतवून ठेवतो, त्या खाली घरंगळत नाहीत आणि खळगाभर फिकट गुलाबी साय पसरते. म्हणजे अर्क घातल्यावर साय न येता ठिपका आला तर अर्काने काहीतरी केलं.

मुंबईच्या हाफकिन संस्थेतल्या संशोधकांनी अडुळशाच्या अर्कावर अशाच टेस्ट केल्या होत्या, २०१४ ला ते काम छापून आलं. मिथेनॉलमधल्या अर्काने १०० टक्के अडवणूक दिसली, पाण्यातल्या अर्काची त्याहून खूपच कमी. फॉरवर्डमधले १०० टक्के अशा ठिकाणचे असतात. मिलीलीटरला १० मिलिग्रॅम एवढ्या ताकदीचा अर्क, प्लेटमधला खळगा, आणि त्यातली ती साय. संशोधकांनी काही चूक केलेली नाही, पहिली पायरी अशीच असते. माणसाचा फ्लू बरा होतो असं त्या आकड्यात कुठेच नाही.

व्हायरस गेला, पण पेशी राहिल्या का?

फिनेल घातलं तरी प्लेटमधला व्हायरस मरतो, साबणाच्या पाण्यानेही मरतो. पण त्यात पेशीही मरतात. शेतात तण माजलं म्हणून असलं काही फवारलं की तण जळालं आणि त्याच्याबरोबर लावणीचं भातही जळालं, तर त्याला औषध कोणी म्हणणार नाही. तण मरायला किती लागतं आणि भात करपायला किती लागतं, या दोन मापांत अंतर किती ते बघावं लागतं.

लॅबमध्ये नेमकं हेच काढतात. निम्म्या पेशी मरतील एवढा डोस एकीकडे, व्हायरस निम्मा होईल एवढा डोस दुसरीकडे, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. जो आकडा येतो त्याला सिलेक्टिव्हिटी इंडेक्स म्हणतात, आपण सुरक्षित अंतर म्हणू. एक-दोन आला तर अर्क व्हायरसबरोबर पेशींनाही मारतोय, सोडून द्या. साधारण दहाच्या वर आला तर पुढे बघण्यासारखं काहीतरी आहे असं मानतात. शेकड्यात आला तर खुशाल पेढे वाटा. पुढच्या वेळी कोणी लिंक पाठवली की टक्केवारी बाजूला ठेवा आणि हा एक आकडा शोधा. दिलेलाच नसेल तर तिथेच ओळखायचं.

दहा मिलिग्रॅमचं गणित

मिलीलीटरला १० मिलिग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही, चिमूटभर. पण मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लीटर रक्त असतं, म्हणजे ५,००० मिलीलीटर. तेवढ्या रक्तात ती ताकद आणायची तर ५० ग्रॅम अर्क हवा, तोही पोटात नाही तर थेट रक्तात, एकाच वेळी. शंभर ग्रॅम पुडीतून दहा ग्रॅम अर्क धरला तर अर्धा किलो वाळलेली पानं झाली, ओली त्याच्या कितीतरी पट. अडुळशाचं अख्खं कुंपण उतरवावं लागेल. आणि प्यायलेलं सगळं रक्तात जात नाहीच, काही आतडं घेत नाही, काही यकृत लगेच मोडून टाकतं, उरलेलं फुफ्फुसापर्यंत किती पोचतं तो आणखी वेगळा प्रश्न.

टॅमीफ्लूचं अंगात तयार होणारं कामाचं रूप फ्लूला अडवायला मिलीलीटरला नॅनोग्रॅमच्या हिशेबात लागतं. एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात. तुलना अगदी न्यायाची नाही हे मान्य, कारण अर्कात शेकडो द्रव्यं मिसळलेली आणि त्यातलं कामाचं कदाचित एखादंच, तेही कणभर. म्हणून तर पुढची पायरी असते ती अर्क फोडायची. त्याचे भाग करायचे, प्रत्येक भाग परत व्हायरसवर तपासायचा, जो चालला तो पुन्हा फोडायचा, असं करत मूळ द्रव्यापर्यंत जायचं. कंटाळवाणं काम, वर्षं जातात, आणि कधी कधी फोडता फोडता गुणच हरवतो कारण दोन-तीन द्रव्यं मिळून काम करत होती. अख्ख्या झाडाचा गुण वेगळा असतो असं वैद्य म्हणतात त्यात तथ्य असू शकतं, फक्त ते प्रत्येक झाडाबाबत दाखवून द्यावं लागतं.

पण काढा तर घशाला थेट लागतो ना?

चांगला प्रश्न आहे, रक्ताचं गणित इथे लागू पडत नाही हे खरं. पण लॅबमध्ये व्हायरस आणि अर्क पुष्कळदा तासभर एकत्र ठेवलेले असतात, आणि आपला घोट दोन सेकंदांत खाली गेलेला असतो. शिवाय तो जातो अन्ननलिकेत, फ्लू बसलाय नाकात आणि श्वासनळीत, आणि ताप येईपर्यंत तो पेशींच्या आत शिरून कॉप्या काढत असतो. बाहेर मोकळा असलेला व्हायरस मारणं आणि पेशीच्या आत वाढणारा व्हायरस थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून संशोधक अर्क आधी घालून बघतात, व्हायरसबरोबर घालून बघतात, आणि व्हायरस आत शिरल्यावर काही तासांनी घालूनही बघतात. फक्त पहिल्या दोनमध्येच चालणारा अर्क, ज्याला आधीच फणफणून ताप आलाय त्याच्या फार कामाचा नाही.

काही झाडं टेस्टलाच फसवतात

ही गोष्ट बातम्यांत कधीच येत नाही. झाडांत टॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात, हिरडा, बेहडा, कच्च्या काजूचं बोंड चावल्यावर जीभ आखडते ती त्यांच्यामुळे. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. मग व्हायरसच्या एचलाही चिकटणार आणि टेस्ट म्हणणार, वा, अडवला. ते तेवढ्याच आनंदाने आपल्या जेवणातल्या आणि लाळेतल्या प्रथिनांनाही चिकटतं, घशापर्यंत काही शिल्लकच राहत नाही. काही झाडांत उलट अशी प्रथिनं असतात की ती स्वतःच तांबड्या पेशींना गुंतवतात आणि व्हायरस नसतानाही खळग्यात साय दिसते.

हळदीचंही असंच. हळदीतलं करक्युमिन प्लेटमध्ये जवळपास कशावरही चालतं, कॅन्सर म्हणा, व्हायरस म्हणा. २०१७ साली औषध-रसायनशास्त्रातल्या एका नावाजलेल्या जर्नलमध्ये यावर मोठा आढावा आला होता आणि त्याचा रोख असा की हे द्रव्य टिकत नाही, रक्तात फारसं पोचत नाही आणि टेस्टमध्ये गोंधळ घालून खोटा होकार देणाऱ्यांपैकी आहे. हळदीच्या पुडीत ते असतं वजनाच्या तीनेक टक्के. हळदीचं दूध प्या, मीही पितो, पण फ्लूचं औषध म्हणून नव्हे.

उंदीर, फेरेट आणि मग माणूस

प्लेटमध्ये सगळं जमलं तर पुढे उंदीर. उंदराला फ्लू झाला की त्याचं वजन उतरतं, म्हणून रोज वजन करायचं आणि अर्क दिलेल्यांचं कमी उतरलं का ते बघायचं. पण उंदीर माणसासारखा खोकत-शिंकत नाही, म्हणून पुढे फेरेट वापरतात, मुंगसाएवढा लांबट प्राणी. लंडनमध्ये १९३३ साली स्मिथ, अँड्रूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा व्हायरस पहिल्यांदा पकडला तो फेरेटमुळेच, आणि पुढे त्याच कामात एका संशोधकाच्या तोंडावर आजारी फेरेट शिंकलं आणि त्याला फ्लू झाला. आजार माणसासारखाच आहे याचा याहून सरळ पुरावा काय पाहिजे.

आणि शेवटी माणसं. खरी अडचण इथे सुरू होते, कारण फ्लू बहुतेकांचा आपोआप बरा होतो. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, अशक्तपणा आठवडाभर. तिसऱ्या दिवशी जे काही घ्याल, काढा, गोळी, अंगारा, त्याला चौथ्या दिवशी यश मिळणारच. म्हणून माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात, एकाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण बिनऔषधाचं काहीतरी, आणि कोणाला काय दिलं हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही कळू द्यायचं नाही. गोळीच्या बाबतीत हे सोपं. किराइताच्या काढ्याचं काय करणार, पहिल्या घोटालाच तोंड वाकडं होतं आणि माणसाला समजतं की आपल्याला खरा मिळालाय. मग कॅप्सूलमध्ये भरा, नाहीतर तितकाच कडू खोटा काढा बनवा.

हे अशक्य नाही, चीनने बरंचसं केलंय. २००९ च्या साथीत तिथल्या ११ हॉस्पिटलांत ४१० पेशंटवर एका पारंपरिक चिनी मिश्र काढ्याची टॅमीफ्लूशी तुलना झाली, २०११ ला अमेरिकेतल्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. काहीच औषध न दिलेल्यांचा ताप साधारण २६ तासांत उतरला, टॅमीफ्लूवाल्यांचा २० तासांत, काढेवाल्यांचा १६ तासांत. आकडे छान आहेत. पण खोटा काढा कोणाला दिला नव्हता, कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पेशंट बहुतेक तरुण, सौम्य आजाराचे. त्यामुळे याने सिद्ध झालं असं नाही म्हणता येत, पण झाडपाला आहे म्हणून उडवूनही लावता येत नाही. आपल्याकडे अडुळसा-किराइतावर असं काम फ्लूच्या साथीत मोठ्या प्रमाणावर व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आणि टॅमीफ्लूचा तरी कुठे चमत्कार आहे? दोन दिवसांच्या आत सुरू केली तर मोठ्या माणसाचा आजार सरासरी पाऊण दिवसाने कमी होतो, एवढंच. फ्लूवर औषध शोधणं किती अवघड आहे ते यावरून समजा.

"आयुर्वेद हजारो वर्षांचा आहे, त्याला लॅब कशाला?"

ग्रंथांत ज्वराचं वर्णन आहे, वात-कफाच्या ज्वराचं तर फ्लूशी बऱ्यापैकी जुळणारं आहे. पण ताप, अंगदुखी, खोकला हे पन्नास आजारांत होतं आणि तेव्हा कोणाला कुठला व्हायरस हे कळायला मार्ग नव्हता. इतक्या वर्षांच्या वापरातून एक कळतं की झाड साधारण किती घेतलं तर लगेच बाधत नाही आणि कशासाठी घेऊन बघण्यासारखं आहे. हे ज्ञान लहान नाही. हजार झाडांतून कुठलं आधी तपासायचं ते त्यातूनच समजतं. अडुळसा खोकल्यावर चालतो हे जुनं ज्ञान, त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून रसायन बदलत बदलत ब्रोमहेक्सिन झालं, त्याच्यातून अँब्रोक्सॉल, आणि आज मेडिकलमधल्या कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांवर ही नावं असतात. म्हणजे अडुळसा कफ सुटायला मदत करतो याला आधार आहे, फ्लूचा व्हायरस मारतो याला माणसांतला आधार नाही, आणि ही दोन वाक्यं फॉरवर्डमध्ये एक होतात.

"औषध कंपन्यांनाच झाडपाला नकोय"

कंपन्यांना पैसा हवाय, झाडाचा असो की दगडाचा. टॅमीफ्लू बनवायला जे शिकिमिक ॲसिड लागतं ते बरीच वर्षं मुख्यतः चक्रीफुलातून काढायचे, हो, मटणाच्या मसाल्यातलं बाद्यान तेच. २००५ ला बर्ड फ्लूची भीती पसरली तेव्हा चक्रीफुलाचे भाव कडाडले होते. (चक्रीफूल खाऊन फ्लू जात नाही बरं का, ते ॲसिड फक्त कच्चा माल, त्याच्यावर रसायनाच्या कितीतरी प्रक्रिया झाल्या की मग गोळी.)

तक्रारीतला खरा भाग वेगळा आहे. सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या काढ्याचं पेटंट मिळत नाही, हळदीने जखम भरते याचं अमेरिकेतलं पेटंट आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ ला रद्द करून घेतलं ते याच मुद्द्यावर. बरोबरच झालं. पण पेटंट नाही तर माणसांवरच्या ट्रायलचा करोडोंचा खर्च कोण करणार? तो सरकारनेच करायला हवा, आणि तिथे आपण कमी पडतो. प्लेटमधले प्रयोग स्वस्त, पीएचडीत बसतात, म्हणून तेच ढिगाने होतात आणि गाडी तिथेच थांबते.

"नैसर्गिक आहे, झाला तर फायदाच, तोटा काय?"

ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर ब्लड प्रेशर वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, बीपीच्या पेशंटने जपून. अडुळशातलं व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचन करू शकतं, म्हणून गरोदर बाईने घेऊ नये. २०२० ला कोविडच्या भीतीने लोक गुळवेल पीत सुटले तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा पेशंट सापडले, २०२१ ला त्यांनी ते छापलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात हे तपासलेलंच नाही. दोन्ही बाजू धरल्या तरी आपल्यासाठी निष्कर्ष तोच, कुंपणावरची दिसेल ती वेल कापून महिनोन् महिने पिऊ नका.

मग तापात घरी काय करायचं?

काढा प्या की. गरम पाणी, आलं, गूळ, अंगात पाणी राहतं, घसा शेकतो, कफ सुटतो, आजीचा हात पाठीवरून फिरतो. तेवढ्यासाठी कुठल्याही पेपरची गरज नाही. फक्त काढा पितोय म्हणून डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलू नका. साठीच्या वरची माणसं, गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं, दमा-शुगर-हृदयाचा त्रास असलेले, यांना फ्लू वाटला तर पहिल्या दोन दिवसांतच दाखवा, कारण अँटीव्हायरल गोळीचा उपयोग तेव्हाच जास्त. दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळसर झाले, माणूस बरळायला लागला किंवा ताप उतरून पुन्हा चढला तर वाट बघायची नाही. या लोकांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, दरवर्षी एवढ्यासाठी की व्हायरस बदलतो तशी लसही बदलतात.

आणि कोकणात आणखी एक आहे, इथला प्रत्येक ताप फ्लू नसतो. लावणीला किंवा भात कापायला चिखलात उतरलेल्या माणसाला ताप येऊन पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल झाले तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, त्याला वेळेवर अँटिबायोटिक लागतं, त्यात चार दिवस काढ्यावर काढले तर किडनी आणि यकृतावर जातं. दोडामार्ग-बांद्याकडे काजूच्या बागेत, रानात जाणाऱ्यांना गोचिडीतून माकडताप होतो, २०१६ पासून तिकडे पेशंट सापडतायत. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात की नुसतं ताप आलाय म्हणू नका, चिखलात होतो का, रानात गेलो होतो का, घरात पाहुणे आले होते का हे सांगा, आणि कुठला काढा किती दिवस घेताय तेही सांगा.